माळवदावरचा खांब

आमच्या येतेरला फुटके दगड जोडता येतात हे आता साऱ्या मुलखाला माहीत झालंय. टीव्हीवाले येऊन गेले, अंकाराचे साहेब येऊन गेले, आणि जो तो मला विचारतो, हानिफेताई, तुमची जाऊ हे शिकली कुठे? शिकली कुठे म्हणजे काय? शिकायला शाळेत जावं लागतं, आणि शाळेची पायरी ती चढलीच नाही. चौथी मुलगी झाली म्हणून बापानं तिचं नाव ठेवलं येतेर. येतेर म्हणजे पुरे. मुली पुरे झाल्या, आता मुलगा दे, असं अल्लाला कळवायची आमच्याकडची ही रीत. त्यानंतर तिच्या आईला आणखी दोन मुलीच झाल्या, ते सोडा.

माझ्या धाकट्या दिराला, दुरानला, ती दिली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. अंगानं काटकुळी, बोलायला कमी आणि हट्टाला भारी. लग्नाला आठ दिवस झाले नाहीत तोच सासूबाईंनी तिच्या पोळीला नावं ठेवली. जाड झाली म्हणाल्या. झालं, ही बया पाटावर बसली ती तीन दिवस पोळ्याच लाटत राहिली. चौथ्या दिवशी सासूबाई हात जोडून म्हणाल्या, झाली बाई पातळ, ऊठ. तोवर घरात महिनाभराची पोळी साठली होती आणि आम्ही सगळे ती ताकात बुडवून खात होतो.

आमचं गाव जुन्या शहरावरच बसलेलं. आधी ग्रीकांचं, मग रोमनांचं, आणि ते गेल्यावर आमचं. माझ्या उंबऱ्याला कुठल्याशा देवीचं पाऊल होतं. शेजारच्या हालिमेच्या चुलीत एका राजाचं नाव कोरलेलं होतं आणि त्या नावावर ती कांद्याची फोडणी द्यायची. त्याचं कुणाला काही वाटत नसे. दगड हाताशी होता, घर बांधायचं होतं, लावला.

घरं सगळी माळवदाची. वर हातभर माती थापलेली. पाऊस पडून गेला, बर्फ वितळला की लगेच वर चढून माती दाबावी लागायची, नाहीतर रात्री डोक्यावर टिपटिप सुरू. दाबायला प्रत्येक माळवदावर एक दगडी रूळ असायचा. आमचा रूळ म्हणजे संगमरवरी खांबाचा तुकडा होता, पावणेदोन हात लांब. सासऱ्यांच्या वडिलांनी तो ओढून आणला, छिन्नी घेऊन त्याच्या अंगावरच्या उभ्या खाचांच्या पन्हळी उतरवल्या, एक तोंड सपाट केलं आणि दुसरं तसंच तुटकं ठेवलं. छिन्नी झिजली म्हणून ठेवलं असं सासरे सांगायचे. मला विचाराल तर आळस. दोन्ही तोंडांना मधोमध भोक पाडून त्यात लोखंडी खुंटी ठोकली, तिला लाकडी दांडा जोडला, की झाला रूळ.

हे काम घरातल्या धाकट्या सुनेचं. मी चार हिवाळे केलं आणि येतेर आली त्या दिवशी दांडा तिच्या हाती देऊन मोकळी झाले. तिनं सात हिवाळे केलं. तुटक्या तोंडाकडची खुंटी सारखी निसटायची. मग ही गुडघ्यावर बसून एका हातानं ते तोंड चाचपायची, भोक शोधायची आणि दुसऱ्या हातानं खुंटी ठोकायची. बोटं थंडीनं बधिर झालेली, नाकातून पाणी गळतंय, आणि खाली मी शेगडीपाशी. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा दया आली नाही. माझी पाळी संपली होती.

मग मुअल्लाबाई आल्या. इझमीरच्या प्रोफेसर, तेव्हा तरुण होत्या, केस आखूड, पायात पुरुषी बूट. त्या जुनं शहर खणायला आल्या होत्या. त्यांच्याबरोबर दोन पहारेकरी घरोघर फिरले, कुणाच्या घरात कुठला जुना दगड आहे त्याची यादी करायची म्हणून. झालं. चहाच्या दुकानात कुणीतरी पुडी सोडली, की ज्याच्या घरात जुना दगड निघेल त्याचं घर सरकार घेणार. अल्लाशप्पथ सांगते, आमच्या गावात विहीर कुठे खणायची यावर कधी एकमत झालं नाही, पण त्या दिवशी झालं. शुक्रवारी दुपारच्या नमाजाला पुरुष मशिदीत गेले आणि आम्ही बायकांनी पदर खोचले. तासाभरात गावातले रूळ माळवदांवरून उतरले. कुणी शेणखतात पुरला, कुणी तंदूरच्या खाली, कुणी कोरड्या टाक्यात ढकलला. आमचा आम्ही दोघी जावांनी शेळ्यांच्या गोठ्यात खड्डा खणून पुरला आणि वर शेळ्या बांधल्या. पुरुषांना कुठे पुरला ते सांगितलंच नाही. पुरुषांच्या पोटात काय राहतं?

पहारेकरी परत आले तेव्हा अख्ख्या गावात एक रूळ नाही. त्यांनी कागदावर शून्य लिहिलं आणि गेले. आम्ही किती हुशार, आम्ही किती हुशार, म्हणून गालात हसलो. मग पाऊस आला. सलग नऊ दिवस. आणि दाबायला रूळ कुठाय? तर जमिनीखाली. गावात एक घर असं नव्हतं की ज्यात भांडी मांडली नव्हती. इमामसाहेब छत्री घेऊन जेवायचे. मुअल्लाबाई विचारत फिरल्या, तुमच्या गावाची छपरं एकदम कशी हो गळायला लागली? आम्ही आकाशाकडे बोट दाखवलं. वसंत उजाडला तसे सगळ्यांनी पत्रे घातले, आणि रूळ राहिले ते राहिलेच. पुढे कळलं की त्यांना खरंच फक्त यादी हवी होती. पण तोवर खोटं बोलून झालं होतं, आणि सरकारपासून जुना दगड लपवला तर तुरुंग असतो हेही कळलं होतं. मग सगळं गाव मूग गिळून बसलं, तीस वर्षं.

दुसऱ्या वर्षी दुरान अक्रोडाच्या झाडावरून पडला आणि पाठीतून गेला. शेळ्या राखण्यापलीकडे त्याच्यानं काही होईना. येतेर मुअल्लाबाईंच्या तळावर खापरं धुवायच्या कामाला लागली. गावानं नाकं मुरडली, मीही मुरडलं. बाईमाणसानं परक्या पुरुषांत बसून मडकी धुवायची म्हणजे काय. वर्षभरानं मीही तिथेच स्वयंपाकाला लागले, म्हणून माझं नाक मला सरळ करावं लागलं.

एकदा तळावरचे चार शिकलेले लोक एका संगमरवरी हाताची करंगळी शोधत होते. आठ दिवस टोपल्या उपसत होते. येतेर पाणी ओतता ओतता थांबली, टोपलीत हात घातला आणि तुकडा काढून नेऊन ठेवला. बसला. त्यांनी विचारलं, कसं ओळखलंस? म्हणाली, त्या हातावरून अंगठा फिरवला होता सकाळी. तेवढंच. मुअल्लाबाईंनी तिला त्याच दिवशी खापरांवरून उठवून दगडांच्या अंगणात बसवलं.

तिची कामाची तऱ्हाच तशी. डोळे मिटते, तुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवते आणि लक्षात ठेवते. एक तुकडा आज हाती येतो, दुसरा सहा वर्षांनी, पण तिचा अंगठा विसरत नाही. आणि खात्री करायला शेळीचा केस. दोन तुकड्यांमध्ये केस ठेवायचा, तुकडे मिटवायचे आणि केस ओढायचा. अख्खा निसटून आला तर जोड खोटा. तुटला तर खरा. आधी शिकलेली मंडळी हसली. आता जर्मन पोरंसुद्धा येऊन दुरानच्या शेळीकडे केस मागतात, आणि दुरान मोठ्या ऐटीत कुठल्या शेळीचा हवा म्हणून विचारतो.

अशी तीस वर्षं गेली. तिनं तिच्या अंगणात एक अख्खा सिंह जोडला, कितीतरी पाट्या, कितीतरी नाकं. आणि या सगळ्यात मोठं काम म्हणजे पाण्याचा देखावा, जुन्या शहराच्या चौकातलं मोठं दोन मजली कारंजं. भूकंपात पडलेलं ते पुन्हा उभं करायला वीस वर्षं लागली. वरच्या मजल्यावर आठ सडपातळ खांब होते. सात उभे राहिले. आठव्याचा बुंधा सापडला, शेंडा सापडला, मधला तुकडा काही मिळेना.

आता यात तुंजायची ओळख करून द्यायला हवी. तुंजाय हा उभारणीचा इंजिनियर. पोरगा हुशार, पण घड्याळाशी लग्न लावलेलं. मंत्री यायची तारीख ठरलेली. त्यानं ठरवलं, मधला तुकडा नवा संगमरवर घडवून घालायचा. तुकडा घडवूनही झाला. फक्त तो बसायला बुंध्याचं तुटकं तोंड करवतीनं सपाट कापायचं होतं. मंगळवारी कापायचं ठरलं.

बुंधा धुवायला येतेरच्या अंगणात आला तो त्याआधीच्या गुरुवारी, तोवर तो चौकातच पडून होता, तिचा हात त्याला लागला नव्हता. तिनं धुतला, डोळे मिटले, अंगठा फिरवला. मी चहा घेऊन गेले तर ही अजून अंगठा तिथेच ठेवून बसलेली. मी म्हटलं, काय गं, झोपलीस का? तिनं चहा घेतला नाही आणि घरी निघून गेली. तीस वर्षांत काम टाकून घरी गेल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पोळ्या लाटत होतो. ती म्हणाली, "ताई, तो हरवलेला मधला तुकडा म्हणजे आपला रूळ."

मला एकदम कळलंच नाही. मग कळलं. गोठ्यातल्या त्या खड्ड्याचं मी वर्षानुवर्षं नावही काढलं नव्हतं. माझा मुलगा त्याच तळावर पहारेकरी. मी लाटणं आपटलं आणि तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, दगडाला हात लावून लावून तुझं डोकं दगडाचं झालंय. ज्या बाईनं तीस वर्षं सरकारी दगड जोडले तिच्याच गोठ्यात सरकारी दगड निघाला तर लोक काय म्हणतील? तुला काढून टाकतील, माझ्या पोराला काढतील, दारात पोलीस येतील. एक खांब नव्या दगडाचा झाला तर आभाळ कोसळतं का?

ती सगळं ऐकून घेत पोळी लाटत होती. मग एवढंच म्हणाली, "मंगळवारी तोंड कापलं की पुन्हा कधीच जुळायचं नाही."

मी म्हटलं, न जुळो. आणि मी खरंच मनापासून म्हटलं. शनिवार, रविवार, सोमवार ती कुणाशी बोलली नाही. दुरान मला विचारायला आला, हिला काय झालंय. मी म्हटलं, दात दुखतोय. माझा जीव टांगणीला लागलेला, आणि आतून मला वाटत होतं की ही गप्पच राहील. शेवटी तिच्यासाठी त्या अंगणापलीकडे दुसरं जग नव्हतं. ते घालवायला ती तयार होईल असं मला वाटलं नाही.

मंगळवारी सकाळी मी बुलगुर, म्हणजे गव्हाचा दलिया, निवडत होते. चौकातून करवतीचा आवाज आला आणि लगेच बंद पडला. मग आरडाओरडा. मी तशीच परात टाकून धावले. बघते तर बुंध्यावर येतेर बसलेली. गुडघ्यावर हात ठेवून, कुणाच्या ओसरीवर बसावं तशी. समोर करवत धरलेला कामगार, आणि तुंजाय घड्याळ बघतोय.

तुंजाय म्हणाला, ताई, उठा, उशीर होतोय. ती हलली नाही. तो म्हणाला, काय हवंय काय तुम्हाला? ती म्हणाली, "याचा तुकडा आहे. कापायचं असेल तर मला धरून काप."

तुंजायनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात मुअल्लाबाई आल्या. आता म्हाताऱ्या झाल्यात, काठी घेऊन चालतात. त्या येतेरसमोर वाकल्या आणि विचारलं, कुठे आहे तुकडा? आणि येतेरनं सगळ्यांच्या देखत, पहारेकऱ्यांच्या, मजुरांच्या, माझ्या पोराच्या देखत सांगितलं.

"आमच्या जुन्या गोठ्यात. तुम्ही पहिल्या वर्षी यादी करायला आलात तेव्हा मी पुरला."

मी पुरला, म्हणाली. आम्ही पुरला नाही. मी तिथेच उभी होते, ओढणीचं टोक तोंडात धरून. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते.

मुअल्लाबाई काठी टेकून सरळ झाल्या. मग तुंजायला म्हणाल्या, करवत ठेव, कुदळ घे.

गोठा कधीच पडला होता. त्यात अंजिराचं झाड वाढलं होतं आणि मुळं रुळाला मिठी मारून बसली होती. दोन दिवस येतेर खड्ड्यात उतरून खुरप्यानं आणि कुंच्यानं माती काढत होती. तिनं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. गुरुवारी दुपारी रूळ वर आला. तुंजायनं फीत काढून मापं घेतली आणि मान हलवली. अंगावर पन्हळी नाहीत. जाडी दोन बोटं कमी. वरचं तोंड सपाट छाटलेलं. म्हणाला, असे रूळ या गावात घरटी एक होते, हा या खांबाचाच कशावरून? त्याचंही खोटं नव्हतं. कागदावर लिहिण्यासारखा एकही पुरावा त्या दगडावर आमच्या आजेसासऱ्यानं ठेवला नव्हता.

येतेर म्हणाली, ठेवून बघा. तुंजाय म्हणाला, एकदा बघतो, आणि नाही बसला तर लगेच करवत.

शुक्रवारी सकाळी चौकात तीन पायांचं तिकाटणं उभं केलं, साखळी लावली, रूळ उचलला. अख्खं गाव कुंपणापाशी जमलेलं. पुरुष मोठ्यानं बोलत होते, म्हाताऱ्या मात्र एकदम गप्प. रूळ हळूहळू खाली आला, बुंध्यावर टेकला आणि डगमगला. बोटभर फट राहिली. एक मजूर फिसकन हसला. तुंजायनं करवतीकडे पाहिलं. सगळं घालवून हिनं हे मिळवलं, असं माझ्या मनात आलं.

येतेर पुढे झाली. तिनं त्या फटीत अंगठा घातला, आणि सांगितलं, उचला. रूळ पुन्हा वर. ती त्याच्याखाली गेली, तुंजाय ओरडला तरी गेली, आणि तोंड चाचपायला लागली. मग म्हणाली, शेळ्या. कुणाला काही कळेना. गोठा होता तोवरचा लेंड्यामुताचा थर त्या तोंडावर दगडासारखा घट्ट बसला होता, रंगही संगमरवराचाच. तिनं रूळ आडवा ठेवायला लावला, लाकडाची काडी घेतली, पाण्याची बादली घेतली आणि मांडी घालून बसली. नमाजाची बांग झाली, पुरुष गेले, परत आले, तरी ही खरवडतेच आहे. मी बाजूला बसून पाणी घालत होते. ती मला म्हणाली, ताई, तुम्ही घरी जा. मी म्हटलं, गप्प बस आणि खरवड.

दुपार कलल्यावर रूळ पुन्हा उचलला. या वेळी येतेरनं आपल्या शेळीचा काळा केस बुंध्यावर आडवा ठेवला. रूळ खाली आला. आवाज आला तो खट्‌ असा नाही, दार नीट लागल्यावर येतो तसा. फट नाही. डगमग नाही. येतेर तुंजायला म्हणाली, ओढ. त्यानं केसाचं टोक चिमटीत धरलं आणि ओढलं. केस तुटला. त्यानं हातातलं टोक बघितलं, दुसऱ्या बाजूनं ओढलं. तेही तुटलं.

मग येतेरनं माझ्या हातातला तांब्या घेतला आणि वरून पाणी सोडलं. सुकलेला दगड सगळा एकसारखा पांढरा दिसत होता. ओला झाल्याबरोबर त्यात करडी शीर उमटली, बुंध्यातून निघाली, जोडावरून तशीच वर रुळात गेली आणि आमच्या आजेसासऱ्याच्या छिन्नीखालून पुढे निघाली. कुंपणापाशी माणसं टाचा उंचावून बघायला लागली. मग हालिमेनं जीभ फिरवून लग्नात काढतात तसा आवाज काढला आणि सगळं गाव ओरडायला लागलं. मी रडत होते. मुअल्लाबाई रडत होत्या. तुंजायनं करवत स्वतः उचलली आणि गाडीत नेऊन ठेवली.

पण खरं भय पुढेच होतं. सोमवारी म्युझियमचा साहेब जबाब घ्यायला आला. तळाच्या अंगणात टेबल मांडलं. गाव भोवती. साहेबानं विचारलं, दगड कुणी लपवला? येतेर म्हणाली, मी. एकटीनं? एकटीनं. साहेब लिहायला लागला.

त्या रुळाला एकटी बाई खड्ड्यात कशी उतरवेल, एवढंही त्या माणसाला सुचलं नाही. मला मात्र राहवेना. खांब जुळला तेव्हा मी आनंदानं रडले होते, आणि आता हिनं एकटीनं फासावर जायचं? मी हातातलं ताट खाली ठेवलं आणि टेबलापाशी गेले. म्हटलं, "साहेब, खोटं लिहू नका. खड्डा दोघींनी खणला. फावडं माझ्या हातात होतं. लिहा, हानिफे."

येतेरनं माझ्याकडे असं पाहिलं, की तीस वर्षांत तसं कधी पाहिलं नव्हतं. माझा पोरगा पहारेकऱ्याच्या टोपीत उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. साहेबानं माझं नाव लिहिलं. तेवढ्यात मागून हालिमे पुढे आली आणि म्हणाली, आमचा तंदूरखाली आहे. मग तिची विहीण. मग इमामसाहेबांची म्हातारी आई, दोन नातसुनांचा आधार घेऊन. एकेक करून सगळ्या म्हाताऱ्या रांगेला लागल्या. पुरुष आ वासून बघत होते, कारण आपापल्या घरातला दगड कुठे पुरलाय ते त्यांना त्या दिवशीच कळत होतं. साहेबाचे कागद संपले. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि मुअल्लाबाईंना विचारलं, आता एवढ्या बायकांना मी कुठे नेऊ?

मुअल्लाबाई म्हणाल्या, कुठे नेऊ नका. तीस वर्षांपूर्वी मला यादी हवी होती, ती आज मिळाली. त्यावर साहेबानं वरच्या साहेबाला फोन केला. बराच वेळ हो हो करत राहिला. मग नव्या कागदावर लिहिलं, गावानं आपण होऊन दगड सोपवले, कुणावर गुन्हा नाही. खाली आम्ही सगळ्यांनी अंगठे उठवले. येतेरचा पहिला.

त्या महिन्यात सव्वीस रूळ निघाले. त्यातले नऊ त्याच कारंज्याचे, हे येतेरनं पुढे शोधून काढलं, पण ती वेगळी गोष्ट. खांब चढवायच्या आधी तुंजायचं आणि तिचं पुन्हा एकदा वाजलं. मधे तो दोन बोटं बारीक दिसतो, वरून चुन्याचा थर देऊन पन्हळी काढू या, असं त्याचं म्हणणं. येतेर म्हणाली, नको, ते आमच्या छपरानं झिजलंय, राहू दे. तुंजायनं थोडा विचार केला आणि राहू दिलं. आत पोलादी कांब घालायला भोकही पाडावं लागलं नाही. आजेसासऱ्यानं खुंटीसाठी पाडलेलं आयतं होतं.

खांब उभा राहिला, चुना वाळला, मंत्री येऊन फीत कापून गेले. भाषणं झाली, येतेरला शाल मिळाली, तिनं ती लगेच दुरानच्या पाठीला गुंडाळली. मंत्र्यांनी विचारलं, हा आठवा खांब मधे बारीक कसा? मला वाटलं तुंजाय आता मापांचं काहीतरी सांगेल. तो म्हणाला, साहेब, या बायकांनी शंभर वर्षं त्याच्यावर घरं कोरडी ठेवलीत.

सगळे जेवायला गेल्यावर येतेर मला म्हणाली, ताई, चला वर. परांचीवरून आम्ही दोघी म्हाताऱ्या वरच्या मजल्यावर चढलो. तुंजायनं खालून पाहिलं आणि जेवण टाकून धावत आला. येतेर आठव्या खांबापाशी गेली. पदर खोचला, पाय रोवले, दोन्ही तळवे त्या गुळगुळीत भागावर टेकले आणि माळवदावर लावायची तसा सगळ्या अंगाचा जोर लावून ढकललं. खाली तुंजायनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

तिनं पुन्हा एकदा ढकललं. मग माझ्याकडे वळून हसली. दात पडलेत तिचे, तरी काय हसली.

"ताई," ती म्हणाली, "आता हलत नाही."

मी तिला बाजूला केलं आणि मीही जोर लावून बघितला. नाही हलला.